‘१८३०’च्या डावात पैशांचा हिशेब कसा ठेवावा?

प्रश्न :
आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा ‘१८३०’ हा रेल्वे कंपन्यांच्या शेअर्सचा खेळ मांडतो. बँकेत एकूण १२,००० डॉलर असतात आणि त्यांतून प्रत्येकाला सुरुवातीस ६०० मिळतात. डाव सहा तास चालतो. त्यातला निदान एक तास कागदी नोटा मोजण्यात आणि सुटे करण्यात जातो. मागच्या वेळी एकाने कंपनीच्या तिजोरीतले पैसे स्वतःचे समजून त्यांतून शेअर घेतले आणि ही चूक दोन फेऱ्यांनंतर लक्षात आली. पोकर चिप्स, वही आणि लॅपटॉपवरील एक्सेल यांपैकी काय सोयीचे पडेल?

प्रतिसाद १ :
निःसंशय चिप्स. आकडे न छापलेल्या चिप्स घ्याव्यात व रंगांना किंमत आपणच ठरवावी. आम्ही १ च्या ४०, ५ च्या ५२, २० च्या ६०, १०० च्या ५५ आणि ५०० च्या १० अशा २१७ चिप्स ठेवतो. त्यांची बेरीज बरोबर १२,००० होते, त्यामुळे बँक रिकामी होत आली की ते सर्वांना डोळ्यांनी दिसते. कंपनीच्या चिप्स तिच्या पत्रकावर आणि स्वतःच्या चिप्स मांडीजवळ, हा नियम मोडू देऊ नये. (चिप्स पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांना जुगाराचा संशय येतो, तेवढे समजावून सांगावे लागते.)

प्रतिसाद २ :
माझे मत थोडे वेगळे आहे, कारण खरा वेळ पैसे देण्याघेण्यात जात नसून लाभांशाच्या गुणाकारात जातो. कंपनीचे उत्पन्न १७० असेल, तर दर दहा टक्क्यांच्या शेअरला १७, सहा शेअर असलेल्याला १०२, खुल्या बाजारात पडलेल्या दोन शेअर्सचे ३४ कंपनीच्याच तिजोरीत, आणि मूळ विक्रीतील न विकलेल्या शेअर्सना काहीच नाही, हे सारे एक्सेल क्षणात करते. दोष एवढाच, की एका खेळाडूला मुनीम व्हावे लागते आणि त्याने चुकीचा आकडा टाकला तर तो कोणाच्याच नजरेस पडत नाही.

प्रतिसाद ३ :
म्हणूनच आम्ही लाभांशाचा तक्ता छापून ठेवला आहे आणि रोकड मात्र चिप्सची आहे. खेळ कोणता, हेही पाहावे. ‘ब्रास : बर्मिंगहॅम’मध्ये फेरीत खर्चलेले पैसे आपल्या पात्राचे चित्र असलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवायचे असतात आणि सर्वांत कमी खर्च करणारा पुढच्या फेरीत पहिला खेळतो, तिथे खर्चाची चळत समोर दिसणे हाच डावपेचाचा भाग असल्याने वही किंवा एक्सेल वापरल्यास खेळाची गंमतच जाते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. चिप्स आणि छापील तक्ता, असेच करू. पहिल्या प्रतिसादातील चिप्सची विभागणी उतरवून घेतली आहे; सहा खेळाडू असतील तेव्हा १ च्या ४० चिप्स पुरतात का, एवढे कृपया कळवावे.

प्रतिसाद १ :
सहसा पुरतात. कंपनीच्या शेअरची सुरुवातीची किंमत ६७, ७१ किंवा ७६ ठरली की १ च्या चिप्स भराभर लागतात, पण त्यांतल्या बहुतेक बँकेतच जमा होतात. तुटवडा पडल्यास ५ ची एक चिप काढून १ च्या पाच वाढवाव्यात, म्हणजे बेरीज बिघडत नाही.