61 की (पट्ट्या) असलेला कीबोर्ड घेतला म्हणून कुणाचा हात बिघडत नाही

डावा_हात
परवा एका नवशिक्याने साधा प्रश्न विचारला, पियानो शिकायचाय, पहिला कीबोर्ड कुठला घेऊ. त्यावर एका जाणकारांनी निकालच देऊन टाकला: '88 की आणि हॅमर अ‍ॅक्शन (खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्या) नसेल तर या भानगडीत पडू नका, 61 हे खेळणं आहे, हात कायमचा बिघडतो.' तो बिचारा 'बरं, मग पुढे कधीतरी बघतो' म्हणून गप्प झाला. हे वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो सुरुवातीला वाजवतो काय आपण? पाच बोटांचे धडे, एक-दोन सप्तकांच्या स्केल, सोप्या चाली. त्याला पाच सप्तकं पुरून उरतात. खुद्द मोझार्टचा पियानो पाच सप्तकांचा होता, मोजून 61 पट्ट्या, आणि त्यावर तो कॉन्चेर्टो वाजवायचा. बघायचंच तर हे बघा की पट्टी पूर्ण रुंदीची आहे का (एक सप्तक साधारण साडेसोळा सेंमी भरलं पाहिजे, मिनी की फुकट दिल्या तरी नको), हळू आणि जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडतो का, आणि मागे सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) लावायची सोय आहे का. बाकी शेकडो आवाज आणि ऱ्हिदम खोक्यावर छापायला असतात, आठवडाभर हेलिकॉप्टरचा आवाज काढून झाला की कुणी त्या बटणांना हात लावत नाही.

हातोडी
ते 'जाणकार' मीच, त्यामुळे उत्तर देणं आलं. मोझार्टचं अर्धंच सांगितलंत. त्याचा पियानो खालच्या एफपासून सुरू व्हायचा, तुमचा 61 वाला सहसा त्याच्या वरच्या सीपासून सुरू होतो, म्हणजे खर्जातल्या 7 पट्ट्या तिथेच गेल्या. आणि ज्याला त्याला वाजवायचं असतं बेथोव्हनचं फ्युअर एलिझ. सुरुवात मावते हो 61 मध्ये, पण पुढे उजवा हात चढत चढत थेट वरच्या ईपर्यंत जातो आणि तुमच्या पट्ट्या त्याआधीच सीवर संपतात. मग काय, टेबलावर बोटं आपटायची?

पण आकडा सोडा, माझा मुद्दा वजनाचा आहे. माझी भाची हलक्या स्प्रिंगवाल्या कीबोर्डवर शिकली, छान वाजवायची, मग एकदा खऱ्या अपराइटवर (उभ्या पियानोवर) बसवलं. हळू वाजवायचा भाग आला आणि निम्मे सूर उमटलेच नाहीत. पट्टी खाली जातेय पण हातोडी तारेपर्यंत पोचतच नाहीये. पोरगी थांबून माझ्याकडे बघायला लागली, 'मामा, हा बिघडलाय का?' ते निस्तरण्यात पुढचे कित्येक महिने गेले, ते कोण परत देणार?

डावा_हात
महिने गेले, हात 'कायमचा' तर नाही ना गेला? आणि तोवर गोडी टिकली ती त्याच खेळण्यावर. शिवाय मोझार्टच्या पियानोच्या पट्ट्या आजच्या ग्रँड पियानोपेक्षा कितीतरी हलक्या होत्या. बाखचं आयुष्य ऑर्गन नि हार्पसिकॉर्डवर गेलं, तिथे बोट आपटा नाहीतर अलगद ठेवा, आवाज तेवढाच. बिघडलेल्या हातांची यादी फारच भारदस्त होत चालली की.

हातोडी
त्याच काळात क्लॅविकॉर्ड नावाचं वाद्यही होतं, त्यावर बोटाचा दाब सुरात ऐकू यायचा. पण सोयीचं तेवढंच सांगायचं ठरलं असेल तर चालू द्या.

रात्रपाळी
हॅमर अ‍ॅक्शनवाल्यांनी एक गोष्ट कधीच सांगितली नाही. मी रात्री वाजवता येईल म्हणून 88 चा डिजिटल घेतला, हेडफोन लावून खुशाल वाजवत बसलो, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले की तुम्ही रोज रात्री काय कुटता. मला कानात सुंदर पियानो, त्यांना छतातून नुसतं धप धप धप! पट्टी तळाला आपटल्याचा दणका स्टँडमधून जमिनीत उतरतो. खाली जाड रबर घातलं तेव्हा कुठे तक्रार थांबली. त्यात ते 11-12 किलोचं धूड, एक्स आकाराच्या स्वस्त स्टँडवर ठेवलंत तर जोरात वाजवताना डुलतं ते वेगळंच.

बटणद्वेष्टा
88 की 61, वजन की बिनवजन, सगळं फिजूल आहे. खरा सत्यानाश केलाय ट्रान्सपोजच्या, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या बटणाने. सगळी दुनिया सी मेजरमध्ये पांढऱ्या पट्ट्या बडवते, गाणाऱ्याची पट्टी वेगळी असली की बटण दाबून मोकळे. वर्षानुवर्षं वाजवणारी माणसं बघितलीत मी, ई फ्लॅट म्हटलं की घाम फुटतो. पियानोवादक शोपां शिष्यांना स्केल शिकवायला बी मेजरपासून सुरुवात करायचा, कारण लांब बोटं आपसूक काळ्या पट्ट्यांवर बसतात आणि हात नैसर्गिक राहतो. सी मेजर त्याच्या मते अवघड, ते शेवटी. आपण नेमकं उलटं करतो आणि वर बटण. नवशिक्याने त्या बटणावर चिकटपट्टी लावावी.

साथसंगत
चिकटपट्टी लावणाऱ्यांनी कधी कुणाची साथ केलीय का? गाणाऱ्या ताई स्टेजवर चढताना सांगतात, 'आज घसा बसलाय, दोन सूर खाली घ्या हं.' तुमचा शोपां येणारे का तिथे? बटण दाबतो, कार्यक्रम पार पडतो, ताई खूश, लोक खूश. अर्विंग बर्लिन एवढा मोठा गीतकार, जवळजवळ सगळं एफ शार्पमध्ये, काळ्या पट्ट्यांवर वाजवायचा आणि बाकीच्या स्केलसाठी त्याच्याकडे सूर वर-खाली सरकवणारा खास पियानो होता. त्याला सांगा सत्यानाश झाला म्हणून.

बटणद्वेष्टा
तो बर्लिन होता. तुम्ही बर्लिन आहात का?

साथसंगत
आणि तुम्ही शोपां? निदान मी चारचौघांत वाजवतो तरी.

बटणद्वेष्टा
वैयक्तिक होऊ नका. मला कुणाबरोबर वाजवताना बटण शोधावं लागत नाही एवढंच म्हणतोय. गिटारवाला म्हणतो डी, तुमचं बोट सीवर, ऐकू येतंय डी, मग बोलायचं कुठल्या भाषेत? त्यात एखाद दिवशी बटण परत शून्यावर आणायचं राहिलं की घरी बसून तासभर चुकीच्या सुरात रियाज, आणि कानाला पत्ताही नाही.

साथसंगत
हे शेवटचं मान्य. माझंही एकदा झालंय, भर कार्यक्रमात, अख्खा मुखडा गेला. म्हणून बटण वाईट ठरत नाही, सुरू करण्याआधी डिस्प्लेकडे बघा एवढंच.

रात्रपाळी
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना राव.

पहिलाच_सूर
नमस्कार, ज्याच्यावरून हे सुरू झालं तो प्रश्न माझा होता. चर्चा वाचून आणखी गोंधळलो. माझ्याकडे भिंतीला लागून 110 सेंमीचं टेबल आहे, त्यापलीकडे जागा नाही. आधी शिकायला जमतंय का ते बघायचंय. मैफल वगैरे डोक्यात नाही.

डावा_हात
झालं! 88 वाला साधारण 130 सेंमीच्या पुढे जातो, टेबलाबाहेर लोंबेल. 61 वाला 95 च्या आसपास, आरामात बसतो. यामाहा घ्या, कॅसिओ घ्या, फक्त माहितीपत्रकात टच रिस्पॉन्स (हळू-जोरात दाबल्याचा फरक) लिहिलंय का ते वाचा, अगदी खालच्या मॉडेलांत ते नसतं. आणि दुकानात एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबून स्वतः ऐका. विक्रेता लगेच डेमोचं गाणं लावेल, ते बंद करायला सांगा.

हातोडी
110 सेंमी असेल तर माझा नाइलाज आहे. टेबलाने वाद जिंकला, डावा_हात यांनी नव्हे. घ्या 61. पण महिन्यातून दोनदा तरी कुणाच्या तरी खऱ्या पियानोवर जाऊन बसा आणि तिथे मुद्दाम हळू वाजवा, म्हणजे मी काय म्हणत होतो ते कळेल. टेबलाची उंचीही बघा, नेहमीचं लिहायचं टेबल कीबोर्ड ठेवल्यावर उंच होतं, खांदे वर चढतात. खुर्चीवर काहीतरी घालून कोपर पट्ट्यांच्या पातळीला आणा.

डावा_हात
खुर्चीचं बरोबर आहे. बाकीचं तुम्ही इतक्या नाराजीने कबूल केलंत की आभार मानायला संकोच वाटतोय.

पहिलाच_सूर
धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलं. मित्राने जुनं पेडल दिलंय, त्याच्याकडे लावून बघितलं तर उलटं चालतं, पाय उचलला की सूर लांबतो. बिघडलंय का?

हातोडी
नाही बिघडलेलं. कंपन्यांच्या पेडलांचं स्विच एकमेकांच्या उलट असतं. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, त्यावर पाय न ठेवता चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कुठल्या जातीचं आहे ते ओळखतात. नाही ओळखलं तर पेडलच्या खाली बारीक स्विच असतो का बघा, तो सरकवा.

बटणद्वेष्टा
आणि ट्रान्सपोजवर चिकटपट्टी.