बेस्टचा ताफा: जुनी एक गाडी गेली की नवी एक पुरते का?

रिंगरूट (प्रश्न)

मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या बसताफ्याची कालरेषा तयार करतो आहे. १९२६ पासून कुठल्या प्रकारची गाडी कधी आली, कधी गेली आणि का गेली, एवढंच त्यात हवं. तारखा बऱ्याचशा जमल्या आहेत, 'का' मात्र जमत नाही. २०१० नंतरचा हिशेबही जुळत नाही. ताफा साडेचार हजारांच्या आसपास होता तो पुष्कळ घटला, हे माहीत आहे. पण जिथे नव्या वातानुकूलित इलेक्ट्रिक गाड्या आल्या, तिथेही थांब्यावरच्या रांगा कमी झालेल्या दिसत नाहीत. एक डिझेल किंवा सीएनजी गाडी भंगारात गेली आणि तिच्या जागी एक इलेक्ट्रिक आली, तर बरोबरी व्हायला हवी ना? आगाराचं काम ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

वरचा मजला

'का' चं उत्तर प्रत्येक टप्प्यावर वेगळं आहे, म्हणून क्रमानेच घेऊ.

१५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली मोटारबस धावली, तेव्हा खरा भार ट्रामवर होता. बस ही ट्रामची जोड होती. १९३७ मध्ये डबलडेकर आल्या, कारण रस्त्याची तेवढीच लांबी आणि तोच एक चालक वापरून जवळपास दुप्पट माणसं नेता येत होती. ७ ऑगस्ट १९४७ ला उपक्रम महापालिकेकडे आला. १९६२ मध्ये ट्रॉलीबस सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. तारांखालून धावणारी गाडी रस्ता खणला की वळवता येत नाही, हा तिचा मूळ अडसर. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली आणि तिचे प्रवासी बसवर आले. १९६७ च्या जोडगाड्या कालरेषेत त्याच्या लगेच पुढे येतात हे नोंदवून ठेवा. पुढे ट्रॅक्टरसारखी चालकाची वेगळी केबिन आणि मागे दुमजली डबा, अशी ती रचना. इंजिनाची धग आणि आवाज प्रवाशांपासून दूर राहायचा, पण असं लांब धूड अरुंद आगारात मागे घेणं अवघड.

त्यानंतरचा मोठा काळ पुढे इंजिन असलेल्या, ट्रकच्या जातीच्या चासीचा (गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) आहे. ही चासी स्वस्त, सुटे भाग कुठेही मिळतात, दादर कार्यशाळेत गाडी पूर्ण उघडून पुन्हा उभी करता येते. तोटा जमिनीच्या उंचीचा. अशा गाडीत मजला रस्त्यापासून मीटरभर वर असतो, म्हणजे तीन पायऱ्या. म्हातारं माणूस चढेपर्यंत थांब्यावर वेळ जातो आणि असे ४०-५० थांबे असले की एका फेरीत कितीतरी मिनिटं निव्वळ पायऱ्या खातात. केंद्राच्या नागरी बसच्या मानकात मजल्याची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी विभागली ती यासाठीच. कालरेषेत इंधनाशेजारी मजल्याच्या उंचीचा रकाना जरूर ठेवा, प्रवाशाच्या दृष्टीने तो जास्त बोलका आहे.

डबलडेकर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ९०० होत्या. त्या कमी होण्यामागे दोन वाहकांचा पगार हे कारण नेहमी सांगतात आणि ते खरंच आहे. पण उंचीही तितकीच आड आली. डबलडेकरला नियमाने ४.७५ मीटरपर्यंत उंची चालते. स्कायवॉक, पादचारी पूल, झाडांच्या फांद्या, लोंबणाऱ्या केबल यांतून तेवढी मोकळी वाट पूर्ण मार्गभर मिळाली तरच ती सोडता येते. एका जागी अडलं की तो मार्ग बाद. शेवटची डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निघून गेली. नव्या वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर त्याच वर्षी फेब्रुवारीत रस्त्यावर आल्या होत्या. त्यांना दोन दरवाजे आणि दोन जिने आहेत, त्यामुळे चढणारे-उतरणारे एकाच जिन्यात अडत नाहीत.

आता तुमचा २०१० नंतरचा घोळ. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशातून त्या सुमारास गाड्या एकगठ्ठा आल्या. बेस्टमध्ये गाडीचं आयुष्य १५ वर्षं धरतात. एकगठ्ठा घेतलेल्या गाड्या मोडीतही एकगठ्ठाच निघतात. दरवर्षी ताफ्याचा पंधरावा हिस्सा बदलत राहिलं असतं तर हा खड्डा पडलाच नसता. कामगार संघटनांशी २०१९ मध्ये स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचा करार झाला होता, पण त्यानंतर भर पडली ती मुख्यतः भाडेतत्त्वावरच्या गाड्यांची आणि स्वमालकीचा ताफा काही शेकड्यांवर आला.

---

किलोवॉट

एकास एक पुरते का, यावर. कागदावर पुरते, मुंबईच्या रस्त्यावर पुरेलच असं नाही. कारण हिशेबात आहे.

समजा १२ मीटरची वातानुकूलित इलेक्ट्रिक गाडी आहे आणि तिला दोन पाळ्या मिळून १४ तासांत १५० किलोमीटर करायचे आहेत. म्हणजे सरासरी वेग ताशी ११ किलोमीटरच्या आतबाहेर, जो गर्दीच्या मार्गावर अगदी नेहमीचा. चाकं फिरवायला किलोमीटरला पाऊण युनिट (किलोवॉट-तास) धरलं तर ११२ युनिट होतात. एसी मात्र किलोमीटरवर चालत नाही, तासांवर चालतो. तो सरासरी ८ किलोवॉट ओढत असेल तर १४ तासांचे आणखी ११२. एकूण २२४ युनिट, म्हणजे किलोमीटरला दीड. मोकळ्या रस्त्यावर याच गाडीला एक-सव्वा पुरलं असतं. वाहतूक जितकी रेंगाळेल तितकं प्रत्येक किलोमीटरला एसीचं ओझं वाढतं, मे आणि ऑक्टोबरमध्ये तर हमखास.

नव्या डबलडेकरची बॅटरी २३१ युनिटची आहे. एकमजलीलाही तेवढीच धरा. पूर्ण रिकामी करायची नसते, वर-खाली मिळून १५ टक्के राखून ठेवले तर हातात १९५ उरतात. वरच्या हिशेबात ३० कमी पडले. यातून मार्ग दोनच. पाळी बदलताना दुपारी चार्जिंग करायचं किंवा गाडीचं दिवसभराचं शेड्यूल छोटं करायचं. १८० किलोवॉटच्या चार्जरवर ६० युनिट भरायला २० मिनिटं पुरतात, पण गाडी मार्गावरून आगारात आणायची, रांग लावायची, परत न्यायची यात पाऊण-एक तास सहज जातो. ती एक फेरी बुडते. डिझेल गाडी रात्री एकदा टाकी भरली की दिवसभर बघावं लागत नव्हतं. तुमच्या थांब्यावरची रांग मला इथे दिसते.

आता रात्रीचा हिशेब. ६० गाड्यांचं आगार, प्रत्येकीला २२० युनिट, आणि शेवटची गाडी आत येऊन पहिली सुटेपर्यंत हातात ५ तास. ६० गुणिले २२० भागिले ५, म्हणजे २,६४० किलोवॉट. चार्जिंगमधली घट धरून २,९०० च्या घरात. एवढ्याला ११ केव्हीची उच्चदाब जोडणी लागते, २,००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आणि शिवाय एक राखीव लागतो, कारण एक बंद पडला की अर्धं आगार सकाळी उभं. १८० किलोवॉटचे ३० चार्जर पूर्ण जोराने एकदम सुरू केले तर मागणी ५,४०० किलोवॉटवर उडी मारते आणि मंजूर मागणी ओलांडल्याचा दंड बिलात येतो. म्हणून कुठली गाडी आधी सुटणार त्यानुसार पाळीपाळीने भार देणारी प्रणाली हवी, आणि ती नीट लावलेली हवी.

शहर विभागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, वीज बेस्टचीच आहे. उपनगरातल्या आगारांत ती दुसऱ्या वितरकाकडून घ्यावी लागते, म्हणजे जोडणीचा अर्ज, उपकेंद्राची जागा, केबलसाठी रस्ता खणण्याची परवानगी हे सगळं बाहेरच्यांच्या वेळापत्रकावर. गाड्या तयार आणि आगार तयार नाही, असं यातून होतं.

---

पिटलाइन

किलोवॉट यांचा हिशेब बरोबर आहे. देखभालीचं थोडं जोडतो.

बॅटरी बिघडून गाडी बंद पडते अशी समजूत आहे. रस्त्यावर अडवणारी कारणं सहसा साधी असतात: २४ व्होल्टची छोटी बॅटरी उतरणं, दाराचा सेन्सर, हवेची गळती, एसी. दार पूर्ण बंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय मोटरला ताकद मिळत नाही, ही सुरक्षेची सोय. पण गर्दीत दारावर रेटा येतो, स्विच जागचा हलतो आणि गाडी भर चौकात उभी. दर आठवड्याला दाराचे रोलर, स्विचचं अंतर आणि रबर पाहिलं तर यातलं बरंच टळतं. बंद काचांच्या गाडीत एसी गेला की गाडीच बाद. २०१७ मध्ये बंद झालेल्या जुन्या वातानुकूलित गाड्यांच्या काळातही हाच प्रश्न होता. जुन्या सरकत्या खिडकीच्या गाडीला ही अडचणच नव्हती.

ब्रेकचं उलटं आहे. वेग कमी होताना मोटर वीज परत भरते, त्यामुळे ब्रेकचे लायनर खूप टिकतात. मात्र कमी वापरामुळे ड्रम गंजतात, स्लॅक ॲडजस्टर (लायनर झिजला की ब्रेकचं अंतर जुळवणारा भाग) अडकतात. बॅकबे, कुलाबा इथल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. लायनर जाड दिसला म्हणून तपासणी पुढे ढकलू नये, ॲडजस्टर हाताने फिरतो का ते पाहावं. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो म्हणून. चालकाला वेगळं प्रशिक्षण लागतं ते यासाठीच. क्लच-गिअरच्या मिनी बसवरून आलेल्या माणसाला ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप आवळते आणि दाबल्यावर आवाज न करता झेपावते, याची सवय व्हायला रिकाम्या गाडीवर पुरेसे दिवस द्यायलाच हवेत. यात काटकसर अजिबात नको.

पावसाळा: हिंदमाता, मिलन सबवेसारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी डिझेल गाडी हवेच्या वाटेने पाणी ओढून बंद पडते. इलेक्ट्रिकचे बॅटरी खोके पाणबंद असतात, कमकुवत जागा म्हणजे नारिंगी (उच्चदाबाच्या) केबलचे जोड. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर गाडी घालू नये. पाण्यातून आलेली गाडी थेट चार्जिंगला लावू नका. आधी डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा इशारा आहे का पाहायचं. असेल तर सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीचा उच्चदाब तोडणारा खटका) काढायचा, निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबायचं, व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरवर खात्री करायची आणि मगच जोड उघडून सुकवायचे. इन्सुलेशनच्या रोधाला व्होल्टमागे किमान १०० ओहम ही मर्यादा आहे. ६०० व्होल्टच्या गाडीत ६०,००० ओहमच्या खाली आलं तर ती गाडी बाहेर काढायचीच नाही.

सीएनजीला लोक विसरतात. तिथे सिलिंडर २०० बारला भरतात आणि दर ३ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी बंधनकारक आहे. ती तारीख चुकली की धडधाकट गाडीही उभी राहते. कालरेषेत ती 'ताफ्यात' दिसेल, रस्त्यावर नाही.

---

रिंगरूट

सर्वांचे आभार. मग गाड्यांची संख्या मोजण्यात अर्थ नाही, असं धरू का? कालरेषेत कुठला आकडा घेऊ?

---

आउटशेडिंग

संख्या ठेवा, पण एकटी ठेवू नका. मिनी गाडीत २० च्या आसपास आसनं आणि १२ मीटरच्या गाडीत त्याच्या जवळपास दुप्पट, उभ्यांची जागा वेगळीच. २०१९ नंतर मोठ्या गाड्यांच्या जागी भाडेतत्त्वावर मिनी आणि मिडी आल्या, तेव्हा यादीत एकास एक दिसलं तरी क्षमता घटली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडं ५ रुपये झालं आणि मागणी वाढली. मे २०२५ पासून ते साध्या गाडीला १० आणि वातानुकूलितला १२ रुपये आहे. हे बदलही कालरेषेवर टाका, नाहीतर गर्दीचा अर्थ लागणार नाही.

भाडेतत्त्व म्हणजे गाडी, चालक, देखभाल कंत्राटदाराची, वाहक सहसा बेस्टचा, आणि पैसे किलोमीटरमागे. त्यात ठरलेले किमान किलोमीटर असतात. वाहतूक रेंगाळली की तेवढे किलोमीटर होत नाहीत आणि दोन्ही बाजूंचं गणित फिसकटतं. दर परवडत नाही म्हणून काही पुरवठादारांनी मधेच सेवा थांबवली, तेव्हा त्यांच्या सगळ्या गाड्या एकदम गेल्या. इलेक्ट्रिकचे करार १०-१२ वर्षांचे आहेत. करार संपतो ती तारीख तुमच्या तक्त्यात गाडीच्या आयुष्याइतकीच महत्त्वाची आहे.

मी चार आकडे घेईन: ताब्यातल्या गाड्या, सकाळच्या गर्दीला प्रत्यक्ष बाहेर पडलेल्या गाड्या, दिवसाचे झालेले किलोमीटर, आणि आसनं गुणिले किलोमीटर. पहिल्या दोनातली तफावत वाढत गेली तर बिघाड आगारात आहे, गाड्यांच्या खरेदीत नाही. दुसरा स्थिर आणि तिसरा घसरत असेल तर दोष रस्त्याचा किंवा चार्जिंगच्या फेऱ्यांचा.

हे माहितीच्या अधिकारात मागता येईल. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'ताफ्याची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्चची आगारनिहाय स्थिती मागा: स्वमालकीची की भाड्याची, लांबी, इंधन, आसनसंख्या, नोंदणीचं वर्ष. बाहेर पडलेल्या गाड्या आणि झालेले किलोमीटर यांच्यासाठी दुसरा स्वतंत्र अर्ज करा, आणि दोन्हींत माहिती तक्त्याच्या फाइलमध्ये हवी असं स्पष्ट लिहा. छापील प्रतीला पानामागे २ रुपये पडतात आणि ते आकडे पुन्हा हाताने भरावे लागतात.