शब्दचर्चा: जागेपणातून थेट स्वप्नात, याला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती:
झोपेवरचा एक मजकूर मराठीत आणतेय. ‘लुसिड ड्रीम’साठी ‘सभान स्वप्न’ घेतलंय, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं. इथवर ठीक. अडलंय ते पुढे. एका प्रकारात स्वप्न आधी पडतं आणि मध्येच भान येतं. दुसऱ्यात माणूस डोळे मिटून जागाच पडलेला असतो आणि भान न सुटता सरळ स्वप्नात जातो. इंग्रजीत हा ‘वेक-इनिशिएटेड लुसिड ड्रीम’, आद्याक्षरं जोडून ‘वाइल्ड’. मी आधी ‘जागृत स्वप्न’ लिहिलं, मग खोडलं. वाचणाऱ्याला दिवास्वप्न वाटेल. सुचवा.

प्रतिसाद:
‘सुस्पष्ट स्वप्न’ चालेल की.

प्रतिसाद:
नाही चालणार. सुस्पष्ट स्वप्न म्हणजे ज्यातले रंग, आवाज लख्ख आठवतात ते. तसं स्वप्न पूर्ण बेभान असतानाही पडतं. इथे लख्ख असतं ते पाहणाऱ्याचं मन, चित्र धूसर का असेना. इंग्रजी शब्द रूढ झाला तो फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मनोविकारतज्ज्ञाच्या १९१३ च्या निबंधामुळे. त्यांच्याही लेखी मुद्दा भानाचाच होता: झोपलेल्याला आपण कोण, कुठे झोपलोय हे आठवतं, आणि झोप मात्र मोडत नाही. ‘सभान’च ठेवा.

प्रतिसाद:
आपल्याकडे ‘योगनिद्रा’ आहेच ना?

प्रतिसाद:
आहे, पण ती दुसऱ्या कामाला लागलेली आहे. पुराणात ती विष्णूची, आणि आजच्या वापरात पडल्या पडल्या अंग सैल सोडण्याचा सराव. त्यात स्वप्न पडावं अशी अपेक्षाच नसते. जुनं काही हवंच असेल तर ‘विज्ञानभैरव’ या संस्कृत शैव तंत्रग्रंथातली ओळ पाहा: ‘अनागतायां निद्रायां प्रणष्टे बाह्यगोचरे’. झोप अजून आलेली नाही, पण बाहेरचं दिसणं-ऐकणं मावळलंय. नेमका हाच उंबरठा. तिथे हेतू मात्र स्वप्नात जाण्याचा नाही.

प्रतिसाद:
मला वाटतं तुम्ही नाम शोधताय आणि घोडं अडलंय क्रियापदाशी. मराठीत झोप ‘लागते’, जाग ‘येते’, स्वप्न ‘पडतं’, आणि तिन्ही ‘मला’. मी कर्ता नाहीच, मी फक्त सोसणारा. ‘झोपलो होतो, पण झोप लागली नाही’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यात ‘झोपलो’ एवढं माझं, ‘लागली’ हे झोपेचं. ‘मी स्वप्न पाहतो’ म्हणावं, तर ऐकणाऱ्याला माझी महत्त्वाकांक्षा ऐकू येते. आता तुमचे दोन प्रकार बघा. पहिला: ‘स्वप्नात मला भान आलं.’ अजूनही ‘मला’. दुसरा: ‘मी भान न सोडता स्वप्नात उतरलो.’ इथे ‘मला’चा ‘मी’ झाला! फरक सगळा या विभक्तीत आहे. ‘शिरलो’पेक्षा ‘उतरलो’ बरं, शिरण्यात घुसखोरी वाटते. आणि इथे घाई केली की झोप पळते, हे करून पाहिलेले सांगतील.

धागाकर्ती:
हे फारच आवडलं. आता याच परिच्छेदातला पुढचा खडा. झोप लागताना जे आकार, चेहरे, कुणी नावाने हाक मारल्याचे भास होतात, त्या ‘हिप्नॅगॉजिक’ अवस्थेला एका भाषांतरात ‘संमोहनजन्य’ म्हटलंय.

प्रतिसाद:
अरे देवा. संमोहनाचा काही संबंध नाही. शब्द आल्फ्रेड मोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८४८ मध्ये वापरात आणला. ग्रीक ‘हिप्नॉस’ म्हणजे झोप, पुढचा भाग ‘नेणारा’. गंमत अशी की ‘हिप्नॉस’ आणि आपलं ‘स्वप्न’ एकाच मुळाचे, आणि संस्कृतात ‘स्वप्न’चा अर्थ झोप असाही आहे. मराठीने झोपेला वेगळा शब्द दिला आणि स्वप्नाकडे फक्त चित्रं ठेवली. मी ‘झोपेच्या उंबरठ्यावरचे भास’ लिहीन. ‘तंद्री’ नको. संस्कृतातली तंद्रा पेंगुळलेली, आपली तंद्री पुस्तकात डोकं घातलेल्यालाही लागते. ‘गुंगी’ला औषधाचा वास, ‘ग्लानी’ला तापाचा. ‘झापड’ डोळ्यांवर येते, ‘पेंग’ येताना मान पडते. या अवस्थेला सगळ्यात जवळची झापडच, पण तीत भान टिकेल असं कुणाला वाटत नाही.

प्रतिसाद:
आणि ‘स्लीप पॅरालिसिस’चं ‘पक्षाघात’ करू नका, हात जोडून विनंती. जागेपणातून उतरताना अनेकांना हे जाणवतं: अंग हलत नाही, कानात गुणगुण, छातीवर ओझं. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातून उठत नाही. एरवी ते घडतं तेव्हा आपण गैरहजर असतो, इथे हजर. श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू मात्र सुटे राहतात. म्हणून तर १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांना झोपलेल्या माणसाने स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे डोळे फिरवून खूण दिली. मी ‘अंग जखडणं’ म्हणतो. मला पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून करंगळी हलवायचा प्रयत्न केला आणि खाडकन जागा झालो. स्वप्न गेलंच.

प्रतिसाद:
एक शब्द कुणीच काढला नाही: साखरझोप. ‘वाइल्ड’ रात्री आडवं पडल्या पडल्या सहसा जमत नाही, कारण स्वप्नांची झोप पहिल्यांदा येते तीच साधारण दीड तासाने, आणि आखूड. रात्र सरेल तशी ती लांबत जाते. म्हणून करणारे चार-पाच तास झोपून उठतात, थोडा वेळ जागे राहतात आणि परत पडतात. म्हणजे साखरझोपेच्या दारातून जातात. ‘साखरझोपेत सभान उतरणं’, बघा कसं वाटतंय.

धागाकर्ती:
वाक्यात सुंदर. पण मला तक्त्याच्या मथळ्यात बसवायचंय, दोन शब्दांत.

प्रतिसाद:
‘भानउतार’?

प्रतिसाद:
तो वयाच्या उताराचा भाऊ वाटतो. दारूचाही असेल.

धागाकर्ती:
‘सभान उतरण’ लिहिते, आणि खाली पूर्ण वाक्य ‘मी’ने सुरू करून. शेवटचं एकच: स्वप्नातच जाग आल्याचं स्वप्न पडतं, उठून तोंड धुतो आणि मग खरी जाग येते. त्याला ‘खोटी जाग’ केलंय.

प्रतिसाद:
‘फसवी’ करा. खोटी असेल तर कळायला हवी होती.