भारतीय बँकेचं शैक्षणिक कर्ज आणि अमेरिकन कंपनीचे ५,२५० डॉलर

डॅलसकर: एमएस इथेच केलं, आता एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. कंपनी अमेरिकन आयकर कायद्याच्या कलम १२७ खाली शैक्षणिक कर्ज फेडायला वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देते. पण पोर्टलवरच्या यादीत सगळे अमेरिकन कर्जदाते. माझं कर्ज पुण्यातल्या सरकारी बँकेचं, बाबा सहकर्जदार, घर तारण. एचआर म्हणतं, परदेशी कर्ज चालत नाही. खरं आहे का?

आकडेमोड: कायद्यात बँक अमेरिकन हवी असं कुठेही नाही. अट आहे ती कॉलेजची: अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनेत बसणारी संस्था हवी, आणि ज्या शिक्षणासाठी कर्ज काढलं तेव्हा तुम्ही पदवीसाठी किमान अर्धवेळ शिकत असायला हवं होतं. एमएसचं कर्ज बसतं. भारतातल्या बीईचं कर्ज असेल तर बहुतेक वेळा बसत नाही, कारण तिथलं कॉलेज त्या योजनेत नसतं. मुख्य कर्जदार तुम्ही असाल तर सहकर्जदार किंवा तारण यांची अडचण नाही.

मात्र कंपनीची लेखी योजना कायद्यापेक्षा तोकडी असू शकते. त्यामुळे एचआरकडे ‘चालतं का’ असं विचारू नका, योजनेची प्रत मागा. त्यात ‘फक्त यादीतले कर्जदाते’ असं लिहिलं असेल तर विषय संपला. नसेल तर ‘आधी भरा, मग परतावा घ्या’ हा मार्ग मागा. सोबत मंजुरीपत्र (त्यात विद्यापीठाचं नाव दिसलं पाहिजे), कर्जखात्याचा उतारा, हप्ता गेल्याची नोंद आणि त्या दिवशीचा डॉलरचा दर जोडा. उतारा कर्जखात्याचाच हवा. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून पैसे गेले एवढ्यावरून कर्ज फिटलं हे सिद्ध होत नाही, आणि दावे नेमके इथेच परत येतात.

पेरोलवाली: ५,२५० म्हणजे महिन्याला ४३७.५०. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आयकर आणि पगारातून कापला जाणारा ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर धरून वर्षाला साधारण १,५५७ डॉलर वाचतात. ओपीटीवर (पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची मुभा) बहुतेकांना ते ७.६५ मुळात लागतच नाहीत, तेव्हा बचत कमी.

५,२५० ची मर्यादा कोर्सची फी आणि कर्ज मिळून एकच आहे. कंपनीने यंदा एखाद्या कोर्सचे ३,००० दिले असतील तर कर्जासाठी २,२५० उरतात. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी मिळत नाही, म्हणून डिसेंबरचा दावा कंपनीचा वर्षाचा पेरोल (पगाराचा हिशेब) बंद होण्याआधी टाका. जानेवारीत डब्ल्यू-२ (कंपनीचा वर्षाच्या पगाराचा दाखला) च्या बॉक्स १ मध्ये, म्हणजे करपात्र पगारात, ही रक्कम धरलेली दिसली तर दुरुस्त डब्ल्यू-२सी मागा. आणि कंपनीने फेडलेलं व्याज रिटर्नमध्ये शैक्षणिक कर्जाच्या व्याजाच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या वजावटीत परत दाखवू नका.

आकडेमोड: ‘पगार थोडा कमी करा, त्याऐवजी कर्ज फेडा’ अशी अदलाबदल १२७ मध्ये बसत नाही, हेही सांगून ठेवतो. कर्जाची तरतूद २०२० मध्ये तात्पुरती आली, २०२५ च्या कायद्याने कायम झाली. २०२६ नंतर मर्यादा महागाईनुसार वाढेल.

डॅलसकर: आभार. दुसऱ्या सेमिस्टरसाठी आईच्या नावावर सोनेतारण कर्जही काढलं होतं. तेही दाखवता येईल?

पेरोलवाली: नाही, ते आईचं कर्ज. आणि बँक ‘दोन्ही मिळून एकच मोठं कर्ज करून देतो’ म्हणाली तर नको म्हणा. कर्ज फक्त तुमच्या शिक्षणासाठीच असावं लागतं. सोन्याचं कर्ज त्यात मिसळलं की चांगलं कर्जही हातचं जाईल.