शाफ्ट बदलण्याआधी क्लिप आणि गाडीची उंची बघा

ड्राइव्हशाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरच्या बुटातून, म्हणजे घड्यांच्या रबरी आवरणातून, ग्रीस गळतंय, त्यावर "बूट गळतोय म्हणजे अख्खा ड्राइव्हशाफ्टच बदला" असं दोघांनी सुचवलंय, ते काही पटलं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज येत नसेल, तर जॉइंट बहुधा शाबूत असतो. आधी ग्रीस नक्की कुठून येतंय ते बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे असतील तर बाहेरचा, चाकाकडचा बूट चिरलाय. घड्या बोटांनी फाकवल्याशिवाय चीर दिसत नाही. रबर धड असून नुसतं कडेनं पाझरत असेल, तर बऱ्याचदा बूट आवळून धरणारी क्लिपच ढिली असते.

उंचीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. माझ्या जुन्या सीआरडीई (डिझेल) थारचे पुढचे टॉर्शन बार (सस्पेन्शनचे पिळाचे दांडे) आधीच्या मालकानं गाडी उंच करायला पिळून ठेवले होते. शाफ्टचा कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे नवा बूटही टिकेना. उंची उतरवली तेव्हा कुठे गळती थांबली. बाकी, नवा बूट बसवताना जुनं ग्रीस पूर्ण पुसून मोलिब्डेनमवालंच भरा, आणि शेवटची क्लिप आवळण्याआधी बुटातली जास्तीची हवा काढा. क्लिपऐवजी केबल टाय म्हणाल तर घरी पोचण्यापुरताच.