टीआर लायसन्स साधं करायचं आहे: सरेंडर करावं की मुदत संपू द्यावी?

सासवडकर

वय ४६. लायसन्स पुणे आरटीओचं, २००९ सालचं. त्यावर मोटारसायकल, कार आणि टीआर (ट्रान्सपोर्ट, म्हणजे व्यावसायिक वाहन) अशा तीन नोंदी आहेत. नॉन-ट्रान्सपोर्टची मुदत २०२९ पर्यंत आहे, टीआरची मात्र दोन महिन्यांत संपतेय. आता टेम्पो चालवत नाही, फक्त घरची गाडी. टीआर काढून टाकून लायसन्स साधं करता येतं का? त्यासाठी पुन्हा टेस्ट द्यावी लागते का? एजंट म्हणतो की टीआर संपलं की कारचं लायसन्सही बाद होतं. हे खरं आहे का? रिक्षाचा बॅजही आहे, त्याचं काय करायचं?

हॅन्डब्रेक

एजंटचं म्हणणं चुकीचं आहे. कार्ड एक असलं तरी मुदती दोन असतात, आणि कार्डावर त्या वेगवेगळ्या छापलेल्या असतात. टीआर संपलं तर फक्त व्यावसायिक वाहन चालवण्याचा अधिकार थांबतो. कार आणि मोटारसायकल २०२९ पर्यंत बिनधास्त चालवा.

मुदतींचा हिशेब मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा आहे. टीआर कोणत्याही वयात पाच वर्षांसाठी (आधी तीन होती), धोकादायक माल वाहून नेण्याची नोंद असेल तर तीन. साध्या लायसन्सला वय ३० च्या आत असेल तर चाळिशीपर्यंत, ३० ते ५० मध्ये दहा वर्षं, ५० ते ५५ मध्ये साठीपर्यंत आणि त्यानंतर पाच-पाच वर्षं.

टीआर काढून टाकलं तरी मेडिकल मात्र पूर्ण सुटणार नाही. टीआरला नमुना १-अ (डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र) कोणत्याही वयात लागतो, पण चाळिशी ओलांडल्यावर साध्या लायसन्सच्या नूतनीकरणालाही तो लागतोच. फरक एवढाच की पाच वर्षांऐवजी साधारण दहा वर्षांनी एकदा.

डिझेलमिस्त्री

टीआर काढून टाकता येतं, आणि टेस्ट नाही. अधिकार कमी करायला परीक्षा लागत नाही, वाढवायला लागते. पण काढायच्या आधी कार्डावर नेमकं काय छापलंय ते बघा, कारण ‘टीआर’ म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात.

‘एलएमव्ही-टीआर’ असेल (एलएमव्ही म्हणजे हलकं मोटार वाहन) तर ती हलक्या व्यावसायिक गाडीची नोंद. ‘ट्रान्स’ असेल तर प्रकरण मोठं आहे. १९९४ च्या दुरुस्तीत मध्यम आणि जड, माल आणि प्रवासी हे चारही वर्ग मिळून ‘ट्रान्सपोर्ट व्हेइकल’ हा एकच वर्ग झाला. म्हणजे ट्रान्स सोडलं की ट्रक आणि बस दोन्हींचा हक्क गेला.

हलक्या गाडीच्या नोंदीचं महत्त्व आता फारसं उरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की एकूण वजन ७५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केलं. इथे वजन म्हणजे मालासकट एकूण वजन, रिकाम्या गाडीचं नाही. छोटा टेम्पो, टॅक्सी, पिकअप सगळं यात बसतं. ई-रिक्षा आणि धोकादायक माल यांचे नियम वेगळे आहेत. तेव्हा एलएमव्ही-टीआर सोडून तुमचं काहीच जात नाही.

जड नोंद असेल तर मात्र मी सोडा म्हणणार नाही. परत हवी झाली तर शिकाऊ लायसन्स, ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५ चं प्रमाणपत्र, नमुना १-अ, किमान ३० दिवसांची वाट आणि मग जड गाडीवर टेस्ट. एसटीच्या चालक भरतीसारख्या ठिकाणी हीच नोंद बघतात.

हॅन्डब्रेक

यात तिसरा मार्गही आहे: काहीच न करणं. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर टीआरचं नूतनीकरण टेस्टशिवाय होतं, उशिराचं शुल्क पडतं. वर्ष उलटलं की टेस्ट. म्हणजे दोन महिने आणि वर एक वर्ष, एवढा वेळ विचाराला आहे. फक्त त्या काळात जड गाडीला हात लावू नका. कलम १८१ खाली ५००० रुपये दंड तर आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्सची तारीख बघते.

मग सरेंडर कशाला, तर २०२९ साठी. नूतनीकरणाच्या अर्जात कार्डावरचे सगळे वर्ग समोर येतात. तेव्हा मुदत संपून वर्षं झालेलं टीआर अर्जात गेलं की टेस्टचा घोळ होतो. आधीच काढून टाकलं असेल तर अर्ज सरळ जातो.

खिडकी नंबर चार

प्रत्यक्ष कृती लिहितो. परिवहनच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. नंबर नव्या पद्धतीचा हवा: एमएच, आरटीओचे दोन अंक, चार अंकी वर्ष, मग सात अंक. जुन्या पुस्तकी लायसन्सची माहिती निघत नसेल तर ज्या आरटीओने ते दिलं तिथे आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, त्याशिवाय काहीही पुढे सरकत नाही.

माहिती दिसली की सेवांच्या यादीत ‘सरेंडर ऑफ सीओव्ही / पीएसव्ही बॅज’ यावर खूण करा. सीओव्ही म्हणजे वाहनाचा वर्ग, पीएसव्ही बॅज म्हणजे रिक्षा-टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनाच्या चालकाचा बॅज. पुढच्या पानावर वर्ग निवडताना घाई नको. इथे चुकून नुसत्या एलएमव्हीवर खूण झाली आणि अर्ज मंजूर झाला, तर कारचं लायसन्स पुन्हा शिकाऊपासून काढावं लागेल. अर्जाची प्रिंट काढा आणि वर्गाचं नाव वाचूनच पैसे भरा.

२०२१ मध्ये १८ सेवा आधार पडताळणीवर घरबसल्या दिल्या, त्यात वर्ग सोडण्याची सेवा आहे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. नसेल तर वेळ घेऊन मूळ कार्डासह आरटीओत जा. स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि पोर्टल दाखवेल तेवढं सेवाशुल्क, त्यापलीकडे कोणी मागितलं तर तो एजंटचा दर. नवं कार्ड टपालाने येतं, लायसन्स नंबर तोच राहतो. तोवर डिजिलॉकरमधली प्रत चालते.

अर्ज अडकण्याची नेहमीची कारणं दोन. आधीचा एखादा अर्ज, उदाहरणार्थ पत्ताबदल, अर्धवट पडलेला असतो; तो रद्द किंवा पूर्ण केल्याशिवाय नवा घेतला जात नाही. किंवा आधार आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही.

बॅज: वर्ग सोडला तरी बॅज आपोआप सुटला असं समजू नका. त्याच सेवेत बॅजवर वेगळी खूण करा, धातूचा बिल्ला कार्यालयात जमा करा आणि पोच घ्या. रिक्षाचा परवाना (परमिट) तुमच्या नावावर असेल तर आधी परवाना शाखेत त्याचं काय ते मिटवा, बॅज नंतर.

सासवडकर

कार्डावर ‘एलएमव्ही-टीआर’ आहे, ट्रान्स नाही. रिक्षा परवाना नाही, नुसता बॅज. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, लायसन्सवर फक्त नाव-आडनाव. चालेल का? आणि गाडी पिवळ्या पाटीची होती, तीही पांढरी करायची आहे. याच अर्जात होईल?

खिडकी नंबर चार

आधी लायसन्सवरच्या नावात बदलाचा अर्ज करा, तो मंजूर झाल्यावरच सरेंडरचा, म्हणजे घरबसल्या होईल. थांबायचं नसेल तर आधारचा रस्ता सोडून थेट कार्यालयात जा. पाटीचा लायसन्सशी काही संबंध नाही. ते आरसीचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचं) काम: परमिट सरेंडर, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची ना-हरकत, कराचा फरक आणि विमा खासगी करून घेणं. सगळं वाहन पोर्टलवर, सारथीवर नाही.

डिझेलमिस्त्री

मग सोडून टाका. आणि २०२९ चं नूतनीकरण पन्नासावा वाढदिवस होऊन गेल्यावर करा. आधी केलं तर त्या दिवसापासून दहा वर्षं मिळतील, पन्नास पूर्ण झाल्यावर थेट साठीपर्यंत. मात्र वाढदिवस आणि कार्डावरची तारीख यांत जास्त अंतर नाही ना, ते तपासा. मधल्या दिवसांत कार बंद ठेवावी लागेल.