लायगोला २०१६ चं नोबेल का नाही, आणि हजार जणांतून तिघेच कसे?

हिंगोलीकर:
लायगो म्हणजे लेसर आणि आरशांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातली थरथर, टिपणारी अमेरिकेतली वेधशाळा. औंढा नागनाथजवळ तिचं भारतीय भावंड लायगो-इंडिया येणार हे ठरल्यापासून इकडच्या शाळा-कॉलेजांत या लहरींवर बरंच बोललं जातं. मुलांचे प्रश्न शेवटी नोबेलवर येतात आणि तिथे नेमकी माहिती कुणाकडेच नसते. म्हणून इथे विचारतो.

लहर टिपली गेली १४ सप्टेंबर २०१५ ला. इतका मोठा शोध, तरी २०१६ चं भौतिकीचं नोबेल थाउलेस, हाल्डेन आणि कॉस्टरलिट्झ यांना गेलं. लायगोला २०१७ उजाडलं. हे का? शोधनिबंधावर हजारावर लेखक आहेत, त्यात आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतलेही आहेत, मग पारितोषिक फक्त वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांनाच का? आणि त्यातही वाइस यांना अर्धं, बाकी दोघांना पाव-पाव, ही वाटणी कशावरून?

ध्रुवमत्स्य:
आधी वेळेचं सांगतो, कारण तिथे फार सरळ कारण आहे. भौतिकी आणि रसायनाची नामांकनं स्टॉकहोमला ३१ जानेवारीपर्यंत पोचावी लागतात. लहर सप्टेंबरमध्ये टिपली गेली तरी सहकार्यगटाने ती पडताळून जाहीर केली ११ फेब्रुवारी २०१६ ला, आणि शोधनिबंधही त्याच दिवशी आला. म्हणजे मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. बाहेर कितीही कुजबुज असली तरी समितीपुढे ठेवायला छापील पुरावा ३१ जानेवारीला अस्तित्वातच नव्हता.

वर्षभराचं चक्र असं चालतं. आदल्या सप्टेंबरात भौतिकीची समिती सुमारे तीन हजार लोकांना गोपनीय पत्रं पाठवते. ३१ जानेवारीला नावं येणं थांबतं. फेब्रुवारीत छाननी. मार्च ते मे या काळात निवडक नावांवर बाहेरच्या तज्ज्ञांची मतं मागवतात, आणि खरं वजन या मतांना असतं. उन्हाळ्यात समिती अहवाल लिहिते. सप्टेंबरात तो रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमीच्या भौतिकी विभागापुढे येतो, तिथे दोन बैठकांत चर्चा होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकादमी बहुमताने ठरवते आणि त्याच दिवशी जाहीर करते. या निर्णयावर अपील नाही.

एक वर्ष उशीर झाला म्हणून लायगोचं नुकसान झालं असं मला वाटत नाही, उलट बाजू भक्कम झाली. २६ डिसेंबर २०१५ ची दुसरी घटना जून २०१६ मध्ये जाहीर झाली, तिसरी जून २०१७ मध्ये. घोषणेच्या जेमतेम आठवडाभर आधी, २७ सप्टेंबर २०१७ ला, इटलीतल्या व्हर्गो या तशाच वेधशाळेनेही सोबत टिपलेली घटना समोर आली. एकाच संकेतावर विसंबायची वेळ समितीवर आली नाही.

ही सावधगिरी उगाच नाही. १९२६ चं वैद्यकाचं नोबेल फिबिगर यांना मिळालं. उंदरांच्या पोटात एका कृमीमुळे कर्करोग होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पुढे टिकलं नाही. याउलट कोंबड्यांतल्या अर्बुदाला विषाणू कारणीभूत असतो हे पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं आणि त्यांना पारितोषिक मिळालं १९६६ मध्ये. मृत्युपत्रात नोबेलने 'मागच्या वर्षी' मानवजातीचं सर्वाधिक हित करणाऱ्यांना द्या असं लिहिलंय, पण नोबेल फाउंडेशनच्या १९०० च्या नियमावलीनेच त्याला वाट करून दिली: जुन्या कामाचं महत्त्व अलीकडे उघड झालं असेल तर तेही चालतं. आज बहुतेक पारितोषिकं याच वाटेने जातात.

मघा_पूर्वा:
तिघांबद्दल. नियमावलीच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे की रक्कम कोणत्याही परिस्थितीत तिघांपेक्षा जास्त व्यक्तींत वाटता येणार नाही. शिवाय एका वर्षी फार तर दोन वेगवेगळ्या कामांचा गौरव होतो. दोन कामं असतील तर प्रत्येकाला अर्धी रक्कम, आणि एका अर्ध्यात दोघे असतील तर त्यांना पाव-पाव. २०२० मध्ये पेनरोज यांना कृष्णविवरांच्या सिद्धांतासाठी अर्धं, गेंझेल आणि गेझ यांना आकाशगंगेच्या केंद्रातल्या वस्तूसाठी पाव-पाव, हे त्याचं सरळ उदाहरण.

लायगोत मात्र काम एकच, गौरववाक्य एकच, तरी वाटणी असमान. म्हणजे अकादमीने व्यक्तीच्या वाट्याचं वजन केलं. वाइस यांनी १९७२ च्या एमआयटीच्या अहवालात अशा यंत्रात कुठून कुठून खोटा गोंगाट शिरेल याची यादीच मांडली होती: जमिनीची थरथर, आरशांची उष्णता, लेसरची अस्थिरता वगैरे. पुढची सगळी यंत्रं त्या हिशेबावर उभी राहिली. थॉर्न यांनी सिद्धांताची बाजू सांभाळली. बॅरिश १९९४ मध्ये प्रकल्पप्रमुख झाले आणि चाळीसेक जणांच्या गटाचं हजारांचं आंतरराष्ट्रीय सहकार्य त्यांनी घडवलं. एवढं जाहीर आहे, त्यामागची चर्चा नाही. २०१७ ची कागदपत्रं पन्नास वर्षं बंद राहतील, म्हणजे २०६८ च्या आधी ती उघडणार नाहीत.

त्या वर्षी पूर्ण पारितोषिक ९० लाख स्वीडिश क्रोनरचं होतं. वाइस यांना ४५ लाख, बाकी दोघांना साडेबावीस-साडेबावीस लाख. पदक आणि प्रशस्तिपत्र मात्र वाटलं जात नाही, ते प्रत्येकाला स्वतंत्र मिळतं. पदक १८ कॅरेट सोन्याचं, वजन सुमारे १७५ ग्रॅम.

आता एक नाव, जे मुलांना जरूर सांगा: रोनाल्ड ड्रेव्हर. लायगोच्या तीन संस्थापकांपैकी एक (बाकी दोघे वाइस आणि थॉर्न). लेसरची वारंवारता पक्की धरून ठेवण्याच्या पाउंड-ड्रेव्हर-हॉल पद्धतीत त्यांचं नाव आहे, आणि ती नसती तर यंत्राच्या चार किलोमीटर लांब बाहूंत प्रकाश हवा तसा खेळवता आला नसता. ते ७ मार्च २०१७ ला गेले. निर्णय ऑक्टोबरात. १९७४ पासून नियम असा की निर्णयाच्या वेळी व्यक्ती हयात हवी. घोषणेनंतर निधन झालं तर पारितोषिक कायम राहतं. याला एकच अपवादात्मक प्रसंग आला, २०११ मध्ये. राल्फ स्टाइनमन यांचं निधन ३० सप्टेंबरला झालं होतं, वैद्यकाचं नोबेल ठरवणाऱ्या कॅरोलिन्स्का संस्थेला ते ठाऊक नव्हतं आणि ३ ऑक्टोबरला नाव जाहीर झालं. निर्णय ते हयात आहेत असं समजून प्रामाणिकपणे घेतला गेला, म्हणून नोबेल फाउंडेशनने तो कायम ठेवला. ड्रेव्हर यांना ती वाट नव्हती.

हजार जणांना न्याय कसा देता येतो याचंही उदाहरण याच शोधात आहे. मे २०१६ मध्ये लायगोला ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ३० लाख डॉलरचं. १० लाख तीन संस्थापकांत (तेव्हा ड्रेव्हर हयात होते) आणि उरलेले २० लाख १०१२ जणांत समान. प्रत्येकी दोन हजार डॉलरपेक्षा थोडे कमीच, पण प्रत्येकाचं नाव यादीत आलं, भारतातल्या संस्थांतल्या लेखकांचंही. गोंगाटातून संकेत वेगळा काढायला आधीच तयार केलेले नमुने जुळवून पाहण्याच्या पद्धतीवर आयुकात संजीव धुरंधर यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून काम केलंय, ते काही परिशिष्टात टाकण्याजोगं नाही.

हिंगोलीकर:
दोघांचेही आभार. अजून दोन शंका. विज्ञानाचं नोबेल एखाद्या संस्थेला किंवा अख्ख्या गटाला का देत नाहीत? शांततेचं तर देतात. आणि नामांकन नेमकं कोण पाठवू शकतं? 'अमुक डॉक्टरांना नोबेलसाठी नामांकन' अशा बातम्या अधूनमधून येतात, त्या खऱ्या धरायच्या का?

ध्रुवमत्स्य:
संस्थेला देण्याची मुभा नियमावलीत आहे. ज्या त्या निवड करणाऱ्या मंडळाने आपलं पारितोषिक संस्थेला द्यायचं की नाही हे ठरवायचं. शांततेचं नोबेल ठरवणाऱ्या नॉर्वेजियन समितीने हो म्हटलं, विज्ञानाच्या मंडळांनी आजवर व्यक्तींनाच धरून ठेवलंय. म्हणजे मृत्युपत्र आडवं येत नाही, परंपरा येते. २०१३ मध्ये हिग्ज आणि आंगलेर यांच्या गौरववाक्यात सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अॅटलास आणि सीएमएस प्रयोगांची नावं घातली, २०१७ मध्ये तिन्ही विजेत्यांच्या नावाखाली 'लायगो/व्हर्गो सहकार्यगट' असं छापलं. अकादमीला अडचण कळते, एवढं यावरून दिसतं. माझ्या मते गटाला पारितोषिक देणं आता लांबवू नये. ज्या प्रयोगात आरसा घासणारा, निर्वात नळी जोडणारा आणि संकेत ओळखणारी आज्ञावली लिहिणारा तिघेही अटळ असतात, तिथे तीन नावं निवडणं म्हणजे कामाचं चित्रच चुकीचं रंगवणं.

पाटीपेन्सिल:
नामांकनाचं मी सांगते. भौतिकीसाठी अधिकार कुणाला: अकादमीचे स्वीडिश आणि परदेशी सभासद, भौतिकी समितीचे सदस्य, भौतिकीचे आधीचे विजेते, स्वीडन-डेन्मार्क-फिनलंड-आइसलंड-नॉर्वेतले भौतिकीचे कायम प्राध्यापक, अकादमीने त्या वर्षापुरत्या निवडलेल्या किमान सहा विद्यापीठांतले तसेच प्राध्यापक, आणि शेवटी समितीला योग्य वाटतील असे इतर शास्त्रज्ञ. भारतातल्या प्राध्यापकाला पत्र येतं ते बहुतेक शेवटच्या दोन वाटांनी. स्वतःचं नाव स्वतः पाठवलं तर ते विचारातच घेत नाहीत. संस्थेने ठराव करून, सह्या गोळा करून काही पाठवलं तर त्याला नामांकन म्हणत नाहीत.

पत्र ज्याला आलं त्यालाही चुकायला जागा असते. नाव दरवर्षी नव्याने पाठवावं लागतं, मागच्या वर्षीचं आपोआप पुढे जात नाही. आणि सगळ्यात वाया जाणारं नामांकन म्हणजे 'यांचं आयुष्यभराचं योगदान' असं लिहिलेलं. नेमका शोध कोणता, तो पहिल्यांदा कुठल्या शोधनिबंधात आला, त्यात या व्यक्तीचा वाटा कोणता, हे दाखवावं लागतं. मृत्युपत्रातले शब्दही वेगवेगळे आहेत: भौतिकीत शोध किंवा नवनिर्मिती, रसायनात शोध किंवा सुधारणा, वैद्यकात केवळ शोध. हजारो शस्त्रक्रिया यशस्वी करणाऱ्या निष्णात सर्जनचं काम कितीही मोठं असलं तरी या चौकटीत बसत नाही, ते त्यामुळे. भौतिकीतही हा निकष आपल्याकडच्या एका मोठ्या नावाला आडवा आला. मेघनाद साहा यांचं नाव १९३० मध्ये गेलं होतं. त्यांचं आयनीभवनाचं समीकरण समितीने उपयुक्त उपयोजन मानलं, शोध मानला नाही. ताऱ्यांचे वर्णपट वाचायची किल्लीच त्या समीकरणाने दिली, म्हणून हा निर्णय मला पटत नाही. त्या वर्षी पारितोषिक रामन यांना मिळालं.

बातम्यांचं म्हणाल तर विज्ञानाच्या चालू वर्षाच्या नामांकनाची कुठलीही बातमी खरी धरू नका. समिती नावं पन्नास वर्षं सांगत नाही आणि पाठवणाऱ्यानेही गुप्तता पाळायची असते. शांततेच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो, कारण तिथे कुठल्याही देशाच्या संसदेचे सदस्य आणि इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान वगैरे विषयांचे प्राध्यापक नाव पाठवू शकतात. एका खासदाराने पत्र टाकलं की झालं नामांकन. त्यावरून गुणवत्ता ठरत नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचं मात्र नोबेलच्या संकेतस्थळावरच्या नामांकन-संग्रहात कुणालाही पाहता येतं. व्यक्तीचं नाव टाकलं की वर्ष, विषय आणि कुणी सुचवलं हे येतं. तिथे होमी भाभा पन्नासच्या दशकात एकापेक्षा जास्त वेळा दिसतात. काळाआजारावरच्या औषधासाठी उपेंद्रनाथ ब्रह्मचारी १९२९ मध्ये. सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९५६ मध्ये पाठवलं होतं. फक्त आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका: जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्ड यांना ८४ नामांकनं मिळाली, पारितोषिक एकदाही नाही.

मघा_पूर्वा:
एक भर. समितीने शिफारस केली म्हणजे झालं, असंही नाही. १९०६ मध्ये रसायनाच्या समितीचं बहुमत मेंडेलीव्ह यांच्या बाजूने होतं, अकादमीने मोआसाँ यांना निवडलं आणि मेंडेलीव्ह पुढच्या फेब्रुवारीत गेले. १९०८ मध्ये भौतिकीच्या समितीने प्लांक सुचवले, अकादमीने लिपमन यांना दिलं. प्लांक यांना १९१८ च्या पारितोषिकापर्यंत थांबावं लागलं. आणि कुणीच योग्य वाटलं नाही तर पारितोषिक वर्षभर राखून ठेवता येतं. आइनस्टाइन यांचं १९२१ चं नोबेल असंच १९२२ मध्ये दिलं गेलं, तेही सापेक्षतेसाठी नाही. समितीतले गुलस्ट्रँड सापेक्षतेच्या विरोधात अडून बसले होते. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ओसीन यांनी प्रकाशविद्युत परिणामाचा नियम पुढे केला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

वैद्यकाचा निर्णय विज्ञान अकादमी करत नाही, कॅरोलिन्स्का संस्थेतल्या ५० प्राध्यापकांची नोबेल सभा करते.

हिंगोलीकर:
हे सगळं फळ्यावर घेता येईल. ऑक्टोबरात मुलांना घोषणा थेट दाखवायची असेल तर आपल्याकडे किती वाजता?

पाटीपेन्सिल:
सोमवारी वैद्यक, मंगळवारी भौतिकी, बुधवारी रसायन. स्टॉकहोमला वैद्यकाची घोषणा लवकरात लवकर ११:३० ला, भौतिकी-रसायनाची ११:४५ ला, म्हणजे आपल्याकडे दुपारी ३ आणि सव्वातीन. 'लवकरात लवकर' हे शब्द धरून चला, २०१३ ची भौतिकीची घोषणा तासभर लांबली होती. नावं आधी स्वीडिशमध्ये वाचतात, मग इंग्रजीत. त्यानंतर संकेतस्थळावर दोन टिपणं येतात, एक सामान्य वाचकांसाठी आणि एक सविस्तर शास्त्रीय. बारावीला पहिलं पुरेसं आहे, पण तिघांत कुणाचं काय हे समजून घ्यायला तुम्ही स्वतः दुसरं वाचा. २०१७ चं अजून तिथे आहे.